कधीच न चुकलेले भाऊसाहेब

भाऊसाहेब डॉक्टर चुकल्याचं कराडात कुणी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं कंपाउंडर होतो, म्हणून मला ठाऊक आहे की ते आठवड्यातून दोन-तीनदा तरी चुकत. पण चूक झाली की ती रोग्याची असे, त्याच्या आईबापांची असे, हवेची असे, क्वचित माझी असे. भाऊसाहेबांपर्यंत ती पोचत नसे. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे, मीही म्हणे. लिहिताना 'ते', 'त्यांनी' असं येतंय ती जुनी सवय आहे. तो आदर कुणी समजू नये.

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे लागलो. दवाखाना पेठेत, रस्त्याला लागून. वर त्यांचं घर. खाली बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत ते, आणि दोन्हींच्या मध्ये एका खिडकीमागे मी, माझ्या बाटल्या, खल आणि डिंकाची वाटी. तांबडं, पांढरं आणि कडू अशी तीन मिश्रणं मी सकाळीच मोठ्या बरण्यांतून तयार ठेवायचो. बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची, एका खाचेला एक डोस. नव्वद टक्के रोगी या तिन्हींपैकी एका बाटलीवर घरी जात आणि त्यातले बरेचसे बरेही होत. माणूस आपोआपच बरा होतो बहुतेक वेळा. भाऊसाहेबांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यातही ते गरम कापडाचा कोट घालत, गळ्यापर्यंत बटणं लावून. कोटावाचून डॉक्टर बसला तर रोग्याला गुण येत नाही, असं त्यांचं मत होतं. रोगी आत आला की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. पायात बूट असले तर खुर्ची, चपला असल्या तर स्टूल, आणि अनवाणी असला तर दाराशीच उभा. मग तो बोलू लागे. चार-पाच शब्द झाले की भाऊसाहेब हात वर करत. "रोग्याचं ऐकायचं नसतं, रोग्याला ऐकवायचं असतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. मला ते शिकवण म्हणून सांगत, आणि रोग्यासमोरच सांगत.

त्यांच्याकडे पोस्टानं इंग्रजी वैद्यकीय मासिकं येत. वर्गणी कुणी भरली होती देव जाणे. तपकिरी वेष्टणातून ती कधी बाहेर निघाली नाहीत. कपाटाच्या काचेतून दिसतील अशी ती रचून ठेवायची, आणि कपाट भरलं की जुनी माझ्याकडे यायची. कागद गुळगुळीत, पुड्या बांधायला चांगला. अकरा वर्षांत मी जगातलं किती ज्ञान चौकोनी कापून त्यात पोटदुखीची पूड बांधली, त्याचा हिशेब नाही.

एक गोष्ट खरी, ती नाकारत नाही. गळू कापावं तर भाऊसाहेबांनी. हात हलका, नजर नेमकी, एका रेषेत काम. लोक लांबून गळवं घेऊन येत. मला वाटतं तिथंच घोटाळा झाला. गळू कापता येतं म्हणून सगळंच येतं, असं त्यांनी धरलं, आणि गावानं त्यांना तसं धरू दिलं.

एकाहत्तरच्या आसपासची गोष्ट. पेठेतल्या एका कापडवाल्याची मुलगी, सतरा-अठरा वर्षांची, उलट्या थांबेनात म्हणून सकाळी आली. भाऊसाहेबांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. उलट्या थांबल्या, मुलगी घरी गेली. दुपारी तीनच्या सुमाराला तिला चौघांनी उचलून आणलं. मान उजवीकडे पिळल्यासारखी वळलेली, हनुवटी खांद्याला टेकलेली, डोळे वर चढलेले आणि खाली येत नव्हते. शुद्धीवर होती, सगळं कळत होतं, आणि भीतीनं तिच्या घशातून एक बारीक आवाज येत होता. भाऊसाहेबांनी दारातूनच 'धनुर्वात' म्हटलं. बाप मटकन खाली बसला. मग जखम कुठं सापडेना, तेव्हा त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, मुलीला परीक्षा कधी आहे ते विचारलं आणि तिच्या गालावर एक चापट मारली. नाटकं असतात, कंपाउंडर, या वयात लग्न नाहीतर परीक्षा टाळायची असते, असं मला समजावलं. मी खिडकीतून बघत होतो. चापटीनं मान हलली नाही. नुसतं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेही वरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्यांतून, कानाकडे.

तिच्या मामानं कुणाला न विचारता जीप आणली आणि तिला सांगलीला नेलं. तिथं एका इस्पितळात नव्यानंच लागलेल्या डॉक्टरबाई होत्या, सुमती इनामदार. त्यांनी एकच प्रश्न विचारला, सकाळी कसलं इंजेक्शन दिलं होतं. उलटीचं म्हटल्यावर त्यांनी दुसरं एक इंजेक्शन दिलं, आणि पंधरा-वीस मिनिटांत मान सरळ झाली. काही जणांना त्या औषधानं असं होतं, पुन्हा ते देऊ नका, असं कागदावर लिहून दिलं. मामा दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आला. भाऊसाहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, माझ्या इंजेक्शनाचा अंमल उशिरा पुरा झाला, ते श्रेय त्या बाई घेताहेत. आणि महिनाभर हा किस्सा ते येईल त्याला सांगत राहिले. महिन्याअखेरीला त्या किश्श्यातून सांगली पूर्णपणे गळाली होती.

मी तेव्हा हसलो होतो. आता सांगायला लाज वाटते, पण हसलो होतो. त्यांच्या खोलीतून बाहेर येऊन, हळूच. मालकाला मनातल्या मनात तुच्छ मानलं की नोकराचं कर्तव्य संपलं, असं मला त्या काळात वाटायचं.

शालन पहिल्यांदा आली ती त्याच वर्षी, लढाईच्या दिवसांत. पाटणच्या पुढचं गाव. घरचा ऊस, नवरा मारुती फौजेत, तेव्हा सरहद्दीवर. दुसरं बाळंतपण होऊन तीन आठवडे झाले होते. झोप पूर्ण गेलेली, रेडिओतून आपल्या नवऱ्याचंच नाव सांगतात म्हणायची, आणि एकदा तान्हं पोर घरी ठेवून नदीकडे चालत निघाली होती. सासऱ्यानं, आबांनी, बैलगाडीतून पाटण आणि तिथून यष्टीनं कराड असं तिला आणलं. आबा मोठा माणूस, डोक्याला पटका, पायात करकरीत वहाणा. पण सून आजारी म्हणून स्टुलावर न बसता तिच्याजवळ उभे राहिले, हे माझ्या ध्यानात आहे.

भाऊसाहेबांनी तिला मन शांत करणाऱ्या गोळ्या दिल्या. आणि सरळ सांगायचं तर त्या गोळ्यांनी ती बरी झाली. सहा आठवड्यांत झोपू लागली, पोराला पाजू लागली, स्वयंपाकाला लागली. औषध चांगलं होतं. वाईट इतकंच झालं, की भाऊसाहेबांनी चिठ्ठीवर 'बंद करू नये' असं लिहिलं आणि त्यानंतर तिच्याकडे पाहिलंच नाही. दर महिन्याला आबा बाजारच्या दिवशी यायचे, खिडकीशी ती चिठ्ठी धरायचे, आणि मी गोळ्या मोजून द्यायचो. चिठ्ठी घड्यांवर फाटली तेव्हा मी तिला मागून कागद चिकटवून दिला. पाच वर्षं. सून कशी आहे, असं मी विचारायचो आणि "ब्येस हाय," म्हणून आबा पिशवी उचलायचे. तिला एकदा घेऊन या, हे वाक्य भाऊसाहेबांनी म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही.

पाचव्या वर्षाच्या शेवटी आबा यायचे थांबले. दोन महिन्यांनी कराडाजवळच्या मलकापूरहून शालनची आई तिला घेऊन आली. शालन माहेरी होती. नवऱ्यानं नव्हे, सासऱ्यानं पाठवली होती. मुलं, सात वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा, तिकडंच ठेवून घेतली होती.

ती बाकावर बसली होती तेव्हाच मी पाहिलं. तोंड सारखं चालत होतं. ओठ आवळायचे, सुटायचे, जबडा रवंथ केल्यासारखा फिरायचा, आणि मध्येच जीभ झटकन बाहेर येऊन आत जायची. डोळे मात्र स्थिर होते, दमलेले आणि पूर्ण शहाणे.

घडलं होतं ते तिच्या आईनं सांगितलं. सहा-आठ महिन्यांपूर्वी हे सुरू झालं. आधी घरच्यांना वाटलं तमाखू खाते. मग जीभ बाहेर यायला लागली. आबांना ताट वाढताना आली. पुन्हा आली. भावकीतल्या बायका म्हणाल्या, सून सासऱ्याला वेडावून दाखवते. गल्लीतली पोरं तिच्यासमोर उभी राहून जिभा काढायची, आणि एक दिवस तिच्या स्वतःच्या पोरानंही काढली. शेवटी गावजेवणात चार पाहुण्यांसमोर तेच झालं, तेव्हा आबांनी ताटावरून उठून तिला माहेरी पोचवायला सांगितलं. रागावले नाहीत. "आमच्या घरात थोरांची आब ऱ्हायली न्हाई," एवढंच म्हणाले.

भाऊसाहेबांनी तिच्या पायांकडे बघितलं. चपला होत्या, म्हणून स्टूल मिळालं. त्यांनी तिला जीभ बाहेर काढून तशीच ठेवायला सांगितली. ती ठेवू शकली नाही, जीभ पुन्हापुन्हा आत पळायची. आत ठेव म्हटलं तर बाहेर यायची. त्यांना वाटलं बाई थट्टा करते. तोंड वेंगाडायची सवय लागलीय, माहेरच्या लाडाचा परिणाम आहे, असं त्यांनी आईला ऐकवलं.

तेव्हा शालन बोलली. अकरा वर्षांत त्या खोलीत मी हजारो माणसं बोलताना ऐकली, पण हे वाक्य मला पाठ आहे.

"डाक्टर, जीभ माजी ऱ्हायली न्हाई. मी आत घेती, ती भाईर येती. मी कुनाला वेडावत न्हाई वं."

भाऊसाहेबांनी हात वर केला आणि गोळी दुप्पट केली.

आणि झालं असं, की दुप्पट गोळीनं ते कमी झालं. महिनाभरात जीभ बरीचशी आत राहू लागली. शालन सुस्तावली, चालताना हात हलेनात, चेहरा मातीच्या मुखवट्यासारखा झाला, पण तोंड थांबलं. भाऊसाहेबांनी मला बोलावून मुद्दाम दाखवलं. चार महिन्यांनी तोंड पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा जास्त, आणि आता पायाची बोटंही पेटी वाजवल्यासारखी हलायला लागली. भाऊसाहेबांनी गोळी आणखी वाढवायला सांगितली. मी डबी भरली. डबी भरताना मला कापडवाल्याच्या मुलीची मान आठवली, तिच्या मामानं आणलेला कागद आठवला, आणि पहिल्यांदा असं वाटलं की आपण खिडकीमागे बसून नुसतं तुच्छ मानतो आहोत, आणि डब्याही आपणच भरतो आहोत.

डबी मी दिली नाही. औषधं आणायला मला महिन्यातून एकदा सांगलीला जावं लागे. त्या खेपेला मी शालनला आणि तिच्या आईला बरोबर घेतलं. इस्लामपूरच्या पुढं यष्टीत एका माणसानं शालनकडे बघून आपल्या बायकोला कोपर मारलं. शालननं पदर तोंडावर ओढला आणि सांगलीपर्यंत तसाच धरला.

डॉक्टर इनामदार बारीक चणीच्या, चष्मा लावणाऱ्या बाई. त्यांनी शालनला बसवलं आणि पाऊण तास ऐकून घेतलं. मला हे विचित्र वाटलं, डॉक्टरनं ऐकून घेण्याची सवयच मला राहिली नव्हती. त्यांनी तिच्या बोटांची हालचाल पाहिली, चप्पल काढायला लावून पाय पाहिले, तोंड उघडून जीभ आतल्या आत कशी वळवळते ते पाहिलं. मग गोळी कुठली, किती, किती वर्षं, ते माझ्याकडून लिहून घेतलं. पाच वर्षं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्या शालनला म्हणाल्या, "हे वेड नाही आणि नाटकही नाही. हे गोळ्यांनी झालंय. तुझा यात काही दोष नाही."

शालन रडली नाही. तिनं आईकडे वळून बघितलं, ऐकलंस ना, अशा नजरेनं. आई रडली.

बाईंनी काही गोड सांगितलं नाही. गोळी एकदम सोडायची नाही, पायरीपायरीनं उतरवायची. उतरवताना हे आधी वाढेल, घाबरायचं नाही. पुढं कमी होईल, कदाचित जाईल, कदाचित थोडं कायम राहील. झोप उडाली तर लगेच यायचं. मी विचारलं, हे नव्यानं कळलंय का. त्या म्हणाल्या, बरीच वर्षं झाली, मासिकांतून सारखं लिहून येतंय.

त्यांनी भाऊसाहेबांना इंग्रजीत एक पत्र दिलं. नम्र पत्र होतं. दोष कुणालाच दिला नव्हता. घरच्यांचा तुमच्यावर विश्वास आहे, तेव्हा हे औषधामुळं झालं आहे असं तुम्हीच त्यांना दोन ओळींत लिहून द्यावं, म्हणजे तिला घरी घेतील, एवढीच विनंती. मी ते नेऊन टेबलावर ठेवलं. भाऊसाहेबांनी खणातून तांबडी पेन्सिल काढली, पत्र वाचलं, आणि इंग्रजीतल्या दोन चुकांखाली रेघा मारल्या. मग ते खणात टाकलं. आपण डॉक्टर झालो तेव्हा ही पोरगी पाळण्यात होती, असं म्हणाले. मी धीर करून म्हटलं, दोन ओळी लिहून दिल्या तर त्या बाईचा संसार उभा राहील. ते माझ्याकडे बघून खरोखर गोंधळले. बाटलीच बोलायला लागावी तसं त्यांना वाटलं असावं.

त्यानंतरची गोष्ट मी त्यांना कधी माफ करू शकलो नाही. गोळी उतरवताना शालनच्या तोंडाचं चालणं वाढलं, बाईंनी सांगितलं होतं तसंच. नेमकं त्याच दिवसांत आबा, सून सुधारली का ते बघायला मलकापुराला आले, आणि बघून थेट आमच्याकडे आले. भाऊसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली. सांगलीवाल्यांनी गोळी बंद केली, बघितलंत काय झालं, असं म्हणाले. हे वेड आता जायचं नाही, मुलगा तरुण आहे, त्याचा दुसरा विचार करा, असंही म्हणाले. ज्या हातानं दोन ओळी लिहायच्या नव्हत्या, त्या हातानं आबांच्या खांद्यावर थोपटलं. आबा बाहेर आले ते भिंतीला हात लावत आले.

मारुती रजेवर आला तो पंधरा दिवसांनी. त्याला घरून पत्र गेलं होतं, आणि शालननंही कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. दोन्ही पत्रं शर्टाच्या खिशात घेऊन तो सकाळी दवाखाना उघडायलाच हजर. उंच, काळासावळा, हिरवी पिशवी खांद्याला. पायात फौजी बूट, म्हणून खुर्ची मिळत होती. तो बसला नाही.

त्यानं विचारलं, "ह्या गोळ्यांनी जीभ भाईर येती का न्हाई? व्हय का न्हाय, येवढंच सांगा."

भाऊसाहेबांनी आपण किती वर्षं सेवा केली ते सांगितलं. किती खेड्यांत आपलं नाव आहे ते सांगितलं. मारुतीनं सगळं ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला.

"जवान, तुमची बायको वेडी आहे," भाऊसाहेब म्हणाले.

मी खिडकीतून म्हणालो, "येते. त्या गोळ्यांनीच येते. सांगलीच्या डॉक्टरांचं पत्र या टेबलाच्या डाव्या खणात आहे."

मारुतीनं स्वतः जाऊन खण उघडला, पत्र घेतलं, घडी करून दुसऱ्या खिशात ठेवलं. जाताना त्यानं मला नमस्कार केला. भाऊसाहेबांना केला नाही. तो गेल्यावर भाऊसाहेबांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं आणि मला विचारलं, "नाव काय रे तुझं?" मी सांगितलं. ते म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

पुढचं मला मारुतीकडून कळलं. पाटणला हायस्कुलातल्या एका मास्तरांकडून त्यानं ते पत्र मराठीत करून घेतलं आणि घरी सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं, भावकीतल्या बायकांनाही. आबा म्हणाले, "म्हंजी पाच वरसं मीच आनून दिल्या की तिला." दुसऱ्या दिवशी ते एकटेच मलकापुराला आले. सुनेपुढं पटका काढून ठेवला आणि घरी चल म्हणाले. शालन म्हणाली, आवं आबा, पटका घाला, लोक बघत्यात.

चार इयत्ताही न शिकलेल्या त्या म्हाताऱ्यानं, ज्यात त्याचा काडीचा दोष नव्हता, तो दोष आपल्या डोक्यावर घेतला. आणि ज्याचा होता, तो इंग्रजीच्या चुका काढत बसला. माणसं शिकून काय होतात याचा मी पुढं फार विचार केला नाही.

शालन घरी गेली. वर्षभरात जीभ बाहेर यायची जवळजवळ थांबली. ओठ मात्र चालत राहिले, थोडे. पायाची बोटं थांबली. दरम्यान एकदा झोप उडाली, तेव्हा मारुतीच्या भावानं तिला लगेच सांगलीला नेलं, आणि बाईंनी थोडे दिवस थोडं औषध देऊन निभावलं. मी तोवर सांगलीतच एका औषधाच्या दुकानात लागलो होतो. ती इस्पितळात आली की दुकानात डोकावून जायची. मुलगा बरोबर असायचा. एकदा दुकानातलं एक गिऱ्हाईक तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं, तर हा पोरगा त्याला म्हणाला, "आईला गोळ्यांनी झालंय त्ये. तुमी का बघताय?" शालननं त्याला दटावलं, पण फार जोरात नाही.

भाऊसाहेबांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. दोनेक वर्षं झाली असतील. दुकानाच्या मालकांना माझा अनुभवाचा दाखला हवा होता, आणि तो देणारा माणूस जगात एकच होता. मी कराडला गेलो. नवा कंपाउंडर म्हणाला, साहेब वर चहा घेताहेत, वर जा.

अकरा वर्षांत मी वर पाच-सहा वेळाच गेलो असेन. त्यांच्या पत्नी, माई, खाली कधी येत नसत. भाऊसाहेब कोट घालून चहा पीत होते. मला ओळखून त्यांना रागही आला नाही. मी त्यांच्या लेखी तेवढाही नव्हतो. दाखल्यावर त्यांनी सही केली, नाव तेवढं चुकीचं लिहिलं. मी ते दुरुस्त करून मागत होतो, तेवढ्यात माई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

त्यांचं तोंड चालत होतं. ओठ आवळत होते, सुटत होते, जबडा फिरत होता, जीभ गालाच्या आतून ढुशा देत होती. तांब्या ठेवताना हाताची बोटं ताणली गेली आणि वळली. मी उभाच राहिलो. कोनाड्यात त्याच गोळ्यांची एक डबी होती. दर महिन्याला ती भाऊसाहेब स्वतः माझ्याकडून भरून वर न्यायचे, आणि मला वाटायचं, झोपेसाठी ते स्वतःच घेत असतील.

मी माईंकडे बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. बशीत चहा ओतत ते म्हणाले, "तिचा जप चालू असतो. दिवसभर. फार श्रद्धाळू आहे."

माई माझ्याकडे वळल्या. बोलायला त्यांना वेळ लागला, जीभ आधी आवरावी लागत होती.

"जप नाही हो हा," त्या म्हणाल्या. "देवाचं नावसुद्धा धड घेता येत नाही मला आता."

भाऊसाहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला, की तसं दाखवलं, हे मला आजही सांगता येणार नाही. ते खोटं बोलत होते की त्यांना दिसतच नव्हतं, यातलं वाईट कुठलं तेही मला ठरवता आलेलं नाही. मी दाखल्याच्या पाकिटाच्या मागे डॉक्टर इनामदारांचं नाव आणि इस्पितळाचं ठिकाण लिहिलं, पाकीट फाडून तो तुकडा त्यांच्यादेखतच माईंच्या हातात दिला, आणि हे गोळ्यांनी होतं, माई, सांगलीला जाऊन या, असं म्हणालो. माईंनी तो तुकडा दोन्ही हातांनी धरला. भाऊसाहेबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी बशी खाली ठेवली, कोटाची बटणं वरपर्यंत लावली आणि आमच्या दोघांच्या मधून जिन्याकडे गेले. खाली बाकं भरली होती. मी जिन्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आतल्या खोलीतून त्यांचा आवाज आला, खणखणीत, पूर्वीसारखाच.

"हं, जीभ काढ बघू."